डेसिबलचा रकाना

हातात मीटर घेऊन रस्त्यावर उभं राहिलं की पाच मिनिटांत कुणीतरी येऊन विचारतंच, "ताई, किती आला?" विचारणारा मंडळाचा कार्यकर्ता असला तर त्याला आकडा कमी हवा असतो. समोरच्या इमारतीतले काका असले तर जास्त. वार्ताहराला तीन अंकी हवा असतो, कारण नव्याण्णवची बातमी होत नाही, शंभरची होते. बंदोबस्तावरच्या हवालदारांना कुठलाही चालतो, फक्त लवकर हवा असतो, कारण त्यांना पुढच्या चौकात जायचं असतं. गणपतीच्या मिरवणुका, नवरात्रातले गरबे, दहीहंड्या, मैदानावरचे गाण्यांचे कार्यक्रम, लग्नाची लॉन्स या सगळ्या ठिकाणी मी बरीच वर्षं आवाज मोजत आले. कधी आयोजकांच्या बाजूने, कधी तक्रार करणाऱ्या सोसायटीच्या, कधी प्रयोगशाळेतर्फे. सुरुवातीला या प्रश्नाचं उत्तर सोपं वाटायचं. पडद्यावर दिसेल ते वाचून सांगायचं. आता तोच प्रश्न आला की मी आधी दोन-तीन उलट प्रश्न विचारते आणि विचारणारा वैतागून निघून जातो.

हल्ली प्रत्येकाच्या फोनमध्ये आवाज मोजणारं ॲप असतं. एकाच जागी चार जण चार फोन धरून उभे राहतात आणि चार आकडे येतात. यात फोनचा दोष नाही. त्याचा माइक माणसाचं बोलणं नीट पोचावं म्हणून बसवलेला असतो. खालचा घुमणारा आवाज तो बऱ्याचदा कापून टाकतो आणि फार मोठा आवाज आला तर स्वतःच दाबतो. ढोल-ताशाच्या पथकासमोर दोन्ही गोष्टी एकदम होतात. तरी मी फोनवाल्यांना हसत नाही. तोच फोन, तीच खिडकी, तीच वेळ ठेवून काल आणि आजची तुलना करायची असेल तर तो उपयोगी पडतो. पोलीस चौकीत पुरावा म्हणून तो पुढे केला की मात्र पंचाईत होते.

खऱ्या मीटरवरही डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो. पिशवीत मीटरच्या शेजारी कॅलिब्रेटर असतो, पेल्याएवढी छोटी वस्तू. त्याच्या तोंडात मीटरचा माइक आतलं रबर घट्ट धरेपर्यंत हलक्या हाताने सरकवायचा आणि बटण दाबायचं. आत १००० हर्ट्‌झची एकसुरी शिट्टी वाजते, बरोबर ९४ डेसिबलची. इतका दाब म्हणजे एक पास्कल, म्हणून ९४. मीटरनेही ९४ दाखवायला हवेत. मोजणी सुरू करण्याआधी हे करायचं आणि संपल्यावर पुन्हा. दोन्हींत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला तर मधली सगळी मोजणी बाद.

गणपती भाद्रपदात येतात, म्हणजे पाऊस ठरलेलाच. टेम्पोच्या मागच्या फळीवर छत्री धरून, मांडीवर मीटर ठेवून मी अनेकदा हा सोपस्कार केला आहे. एका विसर्जनाच्या रात्री माइकमध्ये दमट हवा शिरली. सकाळी कॅलिब्रेटर लावला तर मीटर ९४च्या जागी ९२च्या घरात. रात्रभराचं जागरण एका शिट्टीत पाण्यात गेलं. ते शेवटचं कॅलिब्रेशन मी केलंच नसतं तर कुणालाही कळलं नसतं. दमलेल्या माणसाला पहाटे हा विचार सुचतो आणि चांगलाच पटतोही. ज्यांनी काम दिलं होतं त्यांना "आकडे नाहीत" असं फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्याला बोलावलं.

मीटर बरोबर असला तरी दोन बरोबर मीटर वेगवेगळे आकडे दाखवू शकतात. एका मैदानाच्या कडेला यावरून चांगलीच जुंपली होती. अधिकाऱ्यांच्या हातातल्या मीटरवर त्या क्षणापर्यंतची सर्वांत मोठी उसळी गोठवलेली होती. साउंडवाल्याच्या मीटरवर दहा मिनिटांची सरासरी चालू होती. दोघांमध्ये दहाबारा डेसिबलचा फरक, आणि दोघेही दुसऱ्याचा मीटर भंगारात काढायला निघालेले. आपल्याकडचे २०००चे ध्वनिप्रदूषण नियम मर्यादा देतात त्या सरासरीत, आणि ही सरासरी ऊर्जेची असते. पंधरा मिनिटांतलं एक मिनिट १०० डेसिबल आणि उरलेली चौदा मिनिटं ७० डेसिबल असतील, तर शाळेतल्या पद्धतीने सरासरी ७२ येते. ऊर्जेच्या हिशेबाने ती ८८ येते. ते एक मिनिट बाकीच्या चौदांना खाऊन टाकतं. मंडळांना हे पटवणं फार कठीण जातं, कारण त्यांच्या मते त्यांनी "फक्त एकच मिनिट" वाजवलेलं असतं.

आणि मोजायचं कुठे? नियम सांगतो, लाउडस्पीकर ज्या सार्वजनिक जागेत लागलाय त्या जागेच्या सीमेवर. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्री दहानंतरची ४५. लाउडस्पीकर असेल तर सीमेवरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. मैदानाला कुंपण असतं, तिथे हे जमतं. मिरवणुकीला सीमा कुठली? तिथे आवाजच चालत असतो. पथक एका इमारतीखाली थांबतं, वाजवतं आणि पुढे जातं. मोकळ्या मैदानात एका स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, पण पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यासारख्या दोन्ही बाजूंनी इमारती असलेल्या चिंचोळ्या रस्त्यावर हा हिशेब चालत नाही. आवाज भिंतींवर आपटून परत येतो. भिंतीजवळ धरलेला मीटर तीनेक डेसिबल जास्त दाखवू शकतो, म्हणून माइक भिंतीपासून साडेतीन मीटर दूर ठेवावा असं पुस्तक सांगतं. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर साडेतीन फूट मिळाले तरी नशीब.

म्हणूनच पुण्याच्या सीओईपीचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी विसर्जनाला त्याच रस्त्याच्या चौकाचौकांत उभे राहून जी मोजणी करतात, त्या कामाबद्दल मला आदर वाटतो. वर्तमानपत्रं त्यातला सर्वांत मोठा आकडा उचलतात. मला महत्त्वाचं वाटतं ते सातत्य. तीच मिरवणूक, तेच चौक, वर्षानुवर्षं. चिंचोळ्या रस्त्यातल्या परावर्तनाचा घोळ दरवर्षी सारखाच राहतो, त्यामुळे निदान एका वर्षाला दुसऱ्याशेजारी ठेवून बघता येतं.

सर्वांत कमी लोकप्रिय उत्तर म्हणजे "सांगता येत नाही". रहदारीच्या रस्त्यालगतच्या सोसायटीत स्पीकर लागायच्या आधीच मीटर ६८-७० दाखवत असतो. बस, रिक्षा, हॉर्न, सगळं मिळून. मर्यादा तर कधीच ओलांडून झालेली असते. मग स्पीकरचा वाटा काढायचा कसा? आधी पार्श्वभूमीचा आवाज मोजून ठेवायचा, मग कार्यक्रमाचा, आणि ऊर्जेच्या हिशेबाने एकातून दुसरा वजा करायचा. दोघांत दहा डेसिबलचा फरक असेल तर वजाबाकीची गरजच पडत नाही. फरक तीन असेल तर स्पीकर आणि रस्ता बरोबरीचे गुन्हेगार. तीनच्याही खाली असेल तर प्रामाणिकपणे काहीच म्हणता येत नाही. अहवालात असं लिहिलं की दोन्ही पक्ष माझ्यावर सारखेच चिडतात. यावर उपाय एकच, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याच वेळी जाऊन मोजून येणं. त्या फेरीचे पैसे द्यायला मात्र कुणी तयार नसतं.

मैदानावरच्या मोठ्या कार्यक्रमांत मी पहिली काही वर्षं वाईटपणा घेण्यात घालवली. मिक्सरच्या मागे लॅपटॉप घेऊन बसायचं, आकडा वर गेला की उठून जायचं आणि साउंड इंजिनिअरच्या खांद्यावर हात ठेवून "कमी करा" म्हणायचं. तो मान हलवायचा, फेडर बोटभर खाली घ्यायचा आणि माझी पाठ वळली की दोन बोटं वर. मला ते कळत होतं आणि मला कळतंय हे त्यालाही कळत होतं.

मिक्सर असतो मैदानाच्या मध्यावर आणि सर्वांत जास्त आवाज असतो पुढच्या बॅरिकेडपाशी. म्हणून मैदान रिकामं असताना स्पीकरमधून पिंक नॉइज सोडतात. ती सपाट खरखर धबधब्यासारखी असते. दोन्ही जागी मोजून फरक लिहून ठेवला की मग रात्रभर मिक्सरपाशी बसून पुढच्या रांगेचा अंदाज बांधता येतो. अंदाजच तो. मैदान भरलं की माणसांची शरीरं वरचे सूर पिऊन टाकतात आणि दुपारी काढलेला फरक जरा सरकतो. म्हणून मध्यंतरात छोटा मीटर घेऊन मी स्वतः पुढे जाऊन येते.

एका कार्यक्रमात जागेची अडचण होती. लॅपटॉप मिक्सरच्या शेजारीच ठेवावा लागला, पडदा इंजिनिअरच्या तोंडासमोर. त्यावर गेल्या पंधरा मिनिटांची सरासरी मोठ्या अक्षरांत धावत होती. मी काहीच बोलले नाही. अर्ध्या तासाने त्यानेच विचारलं, "मॅडम, आत्ता दोन गाणी हळू घेतली तर शेवटच्या गाण्याला किती जागा मिळेल?" मी हिशेब करून सांगितलं. त्याने त्याप्रमाणे रात्र आखली. दोन गाणी खरंच हळू घेतली आणि शेवटचं असं उचललं की लोक खुर्च्यांवर चढले. सरासरी मर्यादेत. तेव्हापासून मी पडदा मुद्दाम इंजिनिअरकडे वळवून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. ही मर्यादा ऐकणाऱ्याच्या कानासाठी आहे, शेजाऱ्याच्या झोपेसाठी नाही. पण सरासरी धरल्यामुळे तीत हीच सोय आहे की गाण्याला चढउतार राहतो.

त्या पडद्याने आणखी एक गोष्ट दाखवली. कुणी मुद्दाम वाढवत नसताना आवाज वाढतो. सात वाजता सुरू झालेला कार्यक्रम नऊपर्यंत अर्धा-एक डेसिबल करत वर सरकलेला असतो. मोठ्या आवाजात बसून कान तात्पुरते बधिर होतात, इंजिनिअरचे आणि श्रोत्यांचेही, आणि मग तेवढाच आवाज कमी वाटायला लागतो. रात्र चढते तसा फेडर चढतो. आलेख दाखवल्यावर बहुतेक इंजिनिअर स्वतःच चपापतात.

शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत सगळं उलटं. तिथे मागच्या रांगेतून चिठ्ठी येते, "ऐकू येत नाही." सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि कित्येक वर्षं रात्रभर चालायचा. लाउडस्पीकरच्या रात्रीच्या मर्यादेने ती पहाट संपवली. मध्यरात्रीनंतरचे राग मैदानावर ऐकायची सवय असलेली पिढी अजून हळहळते. माझ्या धंद्याने कुणाची झोप वाचवली तशी कुणाची भैरवीही हिरावली, हे मान्य करायला हवं. तंबोऱ्याच्या आवाजाने कधी कुणाच्या खिडक्या हादरल्या नव्हत्या.

खिडक्या हादरतात त्या बेसने. या धंद्यातली सर्वांत अवघड गोष्ट तीच आहे.

उपनगरातल्या एका मंडळाची तक्रार होती. आम्ही कुंपणापाशी मोजलं, आकडा मर्यादेच्या आत. दोनदा मोजलं, तरी आत. तक्रार करणाऱ्या आजी तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. त्यांनी मला वर नेलं. गाणं कुठलं चाललंय ते तिथे कळत नव्हतं, शब्द नव्हते, चाल नव्हती, नुसता ठोका. "कानाला नाही गं त्रास, इथे होतो," आजींनी छातीवर हात ठेवला. स्वयंपाकघरात फळीवर स्टीलचे डबे ओळीने होते. त्यांतले दोन एकमेकांना लागून किणकिणू नयेत म्हणून मध्ये जुन्या धोतराची घडी कोंबलेली. तिसऱ्या डब्याचं झाकण तरीही प्रत्येक ठोक्याला थरथरत होतं. मी मीटर काढला. ए-वेटिंगवर आकडा अगदी सभ्य. खालचे सूर फारसे न कापणाऱ्या सी-वेटिंगवर नेला आणि तोच आवाज वीस डेसिबलपेक्षा जास्त वर गेला.

ए-वेटिंग ही कानाची नक्कल करणारी गाळणी आहे, पण हळू आवाज ऐकणाऱ्या कानाची. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली माणसाला वेगवेगळे सूर किती मोठे वाटतात याचे आलेख काढले. त्यांतल्या एका हळू पातळीच्या आलेखावरून ही गाळणी बेतली गेली. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर खरोखरच कमी ऐकू येतात. म्हणून ए-वेटिंग ६३ हर्ट्‌झला तब्बल २६ डेसिबल कापतं. म्हणजे तिथला ९० डेसिबलचा ठोका हिशेबात ६४ म्हणून येतो. आवाज मोठा झाला की कान बेसला इतकी सूट देत नाही, गाळणी मात्र देतच राहते. त्यात भिंती आणि बंद खिडक्या वरचे सूर अडवतात, बेस बिनदिक्कत आत येतो. गाण्यातलं गाणं बाहेर राहतं आणि घरात शिरतो तो फक्त ठोका. कोल्हापूर-सांगलीकडे स्पीकरच्या ज्या भिंतींना सरसकट डॉल्बी म्हणतात, त्यांची सगळी ताकद नेमकी याच पट्ट्यात असते.

खाली आल्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, "मॅडम, कायद्यात कुठलं वेटिंग लिहिलंय?"

"ए."

"मग एमध्ये आम्ही बसतोय ना?"

"बसताय."

"मग झालं तर."

माणूस चूक नव्हता. आजीही चूक नव्हत्या. माझ्या हातातला क्लास-१चा मीटरही चूक नव्हता. वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी साउंडवाल्या मुलाकडे गेले. तो विशीतला असेल, बेसच्या पेट्यांवर बसून वडापाव खात होता. मी त्याला दोन्ही आकडे दाखवले. त्याला मुद्दा एका मिनिटात कळला. दुसऱ्या दिवशी त्याने पेट्यांची भिंत मोडली, काही पेट्यांची तोंडं मागे फिरवली, त्यांना उलटी फेज आणि थोडा डिले दिला, म्हणजे मागच्या इमारतीकडे जाणारा बेस आपापसातच विरून जातो. पुढे नाचणाऱ्यांना जवळजवळ तेवढाच मिळतो. कार्यकर्ते कुरकुरले, "दम नाही राहिला." आजींचं झाकण थांबलं नाही, पण थरथर कमी झाली. कुंपणापाशी ए-वेटिंगचा आकडा जवळजवळ होता तिथेच. कागदावर त्या मुलाने काहीच केलेलं नव्हतं.

नदीकाठच्या एका लग्नाच्या लॉनवर असंच कोडं पडलं होतं. डिसेंबरातली लग्नसराई. तक्रार पलीकडच्या काठावरच्या वस्तीतून यायची, तीही नेहमी साडेआठनंतर. मॅनेजर शपथेवर सांगायचा की आवाज सातला असतो तेवढाच नऊला असतो. मी दोन्ही वेळा सीमेवर मोजलं, त्याचं म्हणणं खरं होतं. मग पलीकडे जाऊन उभी राहिले. सातला नुसती गुणगुण. नऊ वाजता निवेदकाने नवऱ्या मुलाच्या मामांना आहेरासाठी स्टेजवर बोलावलेलं मला नावासकट ऐकू आलं. मामा लवकर येईनात, त्यांना पुन्हा बोलावलं, तेही ऐकलं.

हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा आधी थंड होते, वरची तुलनेने उबदार राहते. दिवसा वर निघून जाणारा आवाज अशा वेळी वाकून पुन्हा खाली येतो, पाण्यावरून तर फारच लांब जातो. मॅनेजरला हे समजावलं तर तो म्हणाला, "मॅडम, स्पीकर माझ्या ताब्यात आहे, हवा नाही." तरी त्याने दोन मोठ्या स्पीकरऐवजी टेबलांजवळ छोटे छोटे बसवले आणि स्टेजचं तोंड नदीकडून फिरवलं. आता थंडी पडली की कधीकधी त्याचा फोन येतो, आज किती ठेवू म्हणून. मी घरी बसून कसं सांगणार? "पलीकडे माणूस उभा कर," एवढंच सांगते.

मी पाहिलेल्या तपासणीच्या बहुतेक छापील कागदांवर एक रकाना असतो, डेसिबल. शेजारी तारीख आणि ठिकाण. कुठल्या वेटिंगवर मोजला, किती मिनिटांची सरासरी, स्पीकरपासून किती लांब, भिंत किती जवळ, वारा कुठला, पार्श्वभूमी किती, याला जागा नसते. सुरुवातीला मी हे सगळं कागदाच्या पाठीवर लिहायचे. मग कळलं की झेरॉक्स काढताना पाठीमागची बाजू कुणी काढत नाही आणि सुनावणीला फक्त पुढची जाते. तेव्हापासून मी सगळा मजकूर पुढेच, बारीक अक्षरात, त्या रकान्याच्या डोक्यावर कोंबते. एका साहेबांनी कागद डोळ्यांजवळ धरून विचारलं होतं, "यात आकडा कुठला आहे?" मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी तो आपल्या डायरीत उतरवला. तेवढाच.